चाक जिंकलं ते रस्त्यावर



दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात माझ्या भाच्यानं हिंगणघाटकडच्या आमच्या वावरात पन्नास एचपीचा ट्रॅक्टर रुतवला. मागे ट्रॉली आणि ट्रॉलीत खताची पोती. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी ऊन पडलं, वरची दोन बोटं माती सुकल्यासारखी दिसली आणि पोरगा आत शिरला. धुऱ्यापासून पन्नास पावलांवर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. काळ्या मातीत चाक जागेवर फिरायला लागलं की ते ट्रॅक्टर चालवत नाही, विहीर खणतं. ओढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला, तासाभरात तोही रुतला. मग कुणीतरी फोन लावला आणि जवळच्या नाल्याचं खोलीकरण करणारं पोकलेन आलं. दोन-दोन टनांचे ट्रॅक्टर ज्या चिखलात पोटापर्यंत बसले होते, त्याच चिखलावरून ते वीस टनांचं धूड रमतगमत गेलं आणि दोघांनाही एकेक करून धुऱ्यावर आणून ठेवलं. भाचा म्हणाला, "मामा, एवढं वजन असून हे रुतत कसं नाही?"

आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'चेनचा ट्रॅक्टर आणि चाकाचा ट्रॅक्टर' असं सांगितलं, आणि फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. स्मृतिव्याख्यानात संतसाहित्य चालतं, राज्यघटना चालते, फार तर पर्यावरण चालतं. ट्रॅक्टर जरा वंगणाचा वास घेऊनच येतो. तरीही त्यांनी हो म्हटलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आधी शब्दाबद्दल. ज्याला इंग्रजीत क्रॉलर म्हणतात, त्याला आपल्याकडे कुणी 'सरपटता ट्रॅक्टर' म्हणत नाही. आपण चेनवाला म्हणतो. माती लोटणारा असेल तर चेनडोझर, माती उकरणारा असेल तर पोकलेन. हा 'पोकलेन' शब्द आपल्या बोलीत इतका मुरला आहे की तो मूळचा पोक्लँ नावाच्या फ्रेंच कंपनीचा, हे सांगावं लागतं. म्हणजे चेन आपल्या शिवारातून कधी गेलेलीच नाही. ती नांगर सोडून दुसऱ्या कामाला लागली, एवढंच. नांगर तिनं का सोडला, किंवा तिच्या हातून कुणी काढून घेतला, ही आजची गोष्ट आहे.

तिचा जन्मही रुतण्यातूनच झाला. कॅलिफोर्नियात स्टॉकटन गावाजवळ नदीच्या त्रिभुज प्रदेशातली माती इतकी भुसभुशीत की घोडेसुद्धा खचायचे. बेंजामिन होल्ट हा तिथला यंत्र बनवणारा. त्यानं आधी सरळ उपाय केला, चाक रुंद करण्याचा. करता करता त्याच्या वाफेच्या ट्रॅक्टरला प्रत्येक बाजूला अठरा फूट रुंदीची चाकं लागली. असलं यंत्र वळवायचं म्हटलं तर आपल्याकडे दोन गावांची परवानगी घ्यावी लागली असती. शेवटी त्यानं चाकंच काढली आणि त्या जागी लाकडी फळ्यांचा फिरता पट्टा बसवला. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी रॉबर्ट्स आयलंडवर ते यंत्र चाललं. पाहणाऱ्या एका छायाचित्रकाराला ते सुरवंटासारखं सरकताना दिसलं, आणि 'कॅटरपिलर' हे नाव तिथून आलं. होल्ट आणि त्याचा प्रतिस्पर्धी बेस्ट यांच्या कंपन्या १९२५ मध्ये एक झाल्या. मधल्या काळात पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यानं हीच चेन उचलली. ती कथा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथे थांबत नाही.

मला थांबायचं आहे ते नागपुरात.

१९५६ पर्यंत हे शहर राजधानी होतं. आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची, मग १९५० पासून मध्य प्रदेशची. सागर, दमोह, होशंगाबाद, जबलपूर यांचा कारभार इथून चाले. त्या उत्तरेकडच्या काळ्या जमिनींना एक जुना रोग होता. तो म्हणजे कांस नावाचं गवत. आपण त्याला कासही म्हणतो, शरदात पांढरे तुरे येतात आणि कवी खूश होतात. कास्तकार होत नाही. १८९० च्या दशकात सागरकडे लागोपाठ गव्हाची सालं गेली, दुष्काळ पडले, जमिनी पडीत राहिल्या आणि पडीत जमिनीत कांस घुसला. त्याची मुळं आणि जमिनीखालची खोडं इतकी खोल जातात की बैलाच्या वखरानं त्याचे फक्त केस कापले जातात. मुळाला हात लागत नाही. मालक हरतो, जमीन सोडतो. ती सोडली की कांस आणखी पसरतो.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याची अवजड यंत्रं हिंदुस्थानात पडून होती. त्यांतले चेनचे ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. विमानतळाची धावपट्टी सपाट करणारी यंत्रं नांगराला जुंपली गेली. काम एकच होतं. ऐन उन्हाळ्यात, जमीन दगडासारखी असताना, फूट-सव्वा फूट खोल नांगरायचं, कांसाच्या मुळ्या उलथ्या करून वर आणायच्या आणि मे महिन्याच्या उन्हाला देऊन टाकायच्या. ऊन हेच औषध. पण ते औषध मुळापर्यंत पोचवायला लागणारी ताकद त्या वेळच्या कुठल्याही बैलजोडीत नव्हती, आणि त्या वेळच्या पंचवीस-तीस एचपीच्या चाकाच्या ट्रॅक्टरमध्येही नव्हती. १९४९ च्या ऑगस्टमध्ये जागतिक बँकेनं भारताला पहिलं कर्ज दिलं ते रेल्वेसाठी. पुढच्याच महिन्यात दुसरं मंजूर केलं, एक कोटी डॉलर्सचं, आणि ते होतं शेतीच्या यंत्रांसाठी, मुख्यतः असल्या तणानं खाल्लेल्या जमिनी सोडवण्यासाठी. म्हणजे स्वतंत्र भारतानं जगाच्या बाजारात पत मांडली ती आधी रुळांसाठी आणि मग गवतासाठी. पुढे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात शेतीचं खातं आपल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांकडे होतं. सोव्हिएत रशियानं भेट दिलेल्या यंत्रांवर राजस्थानात सुरतगडचं प्रचंड यांत्रिक शेत १५ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालं, तेही त्यांच्याच काळात.

आता गंमत पाहा. ज्या वर्षांत नागपूरच्या सचिवालयात चेनच्या ट्रॅक्टरांच्या फायली फिरत होत्या, त्याच वर्षांत इथून चाळीसेक मैलांवर पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबा कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाविना जगण्याचा, प्रयोग करत होते. त्यांच्या ऋषिखेतीत ट्रॅक्टर सोडा, बैलसुद्धा नव्हता. माणसाचे हात आणि कुदळ. आणि नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या सेलडोहला जे. सी. कुमारप्पा आश्रम मांडून बसले होते. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस बैलाच्या बाजूनं आणि ट्रॅक्टरच्या विरोधात ठामपणे उभा होता. एकाच प्रांतात, एकाच वेळी, कुदळ, बैल आणि चेन अशी तीन उत्तरं. आपण नंतर त्यांना गांधीवाद विरुद्ध विकास अशा दोन खोक्यांत बसवून मोकळे झालो. पण तिन्ही उत्तरं एकाच प्रश्नाची होती. जमिनीवर किती भार टाकायचा आणि तिच्या किती आत शिरायचं, हा तो प्रश्न. चाकाचा ट्रॅक्टर त्या वेळी या वादात नव्हताच. १९५१ मध्ये सगळ्या देशात मिळून साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. आज वर्षाला लाखांनी विकले जातात. त्यांतले नांगराचे चेनवाले किती, हे विचारूसुद्धा नका.

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या शिवारात सरकारी चेनवाला आला होता. आमच्या भागात कांसाचा त्रास नव्हता, कुंद्याचा होता. कुंदा म्हणजे काय हे काळ्या जमिनीच्या कास्तकाराला समजावून सांगावं लागत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं की हरळीनं ज्याच्याकडे शिकवणी लावली असती, असं ते गवत. बाबांनी तीन उन्हाळे माणसं लावून ते खणलं होतं. तीन पावसाळे ते परत आलं होतं.

चेनवाला गावात आला तो लांब ट्रकवर बसून. ट्रॅक्टर ट्रकवर बसून येतो हे आम्हा पोरांना फारच हास्यास्पद वाटलं. राजानं पालखीतून उतरून हातात कुदळ घ्यावी तसं. तो सुरू करणं हाही एक सोहळा. आधी बाजूचं छोटं पेट्रोलचं इंजिन दोरी ओढून चालू करायचं, ते तापलं की त्याच्या जोरावर मोठं डिझेल इंजिन फिरवायचं. ड्रायव्हरला स्टिअरिंगचं चाक नव्हतं, दोन दांडे होते. डावा ओढला की डावी चेन थांबे आणि अख्खं यंत्र डावीकडे फिरे. चालायचा माणसाच्या गतीनं, किंबहुना आमच्या आजीच्या गतीनं. पण नांगर जमिनीत गेला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की जमिनीलाही आतली बाजू असते. ढेकळं निघाली ती पाटा-वरवंट्याएवढी, काही तर माझ्याएवढी. दोन ढेकळांमध्ये कुंद्याच्या पांढऱ्या मुळ्या जानव्यासारख्या लोंबत होत्या.

गावातले म्हातारे मात्र नाखूश होते. "जमीन मरन," असं एक जण म्हणाले. ही भीती नवी नव्हती. १९०३ च्या सुमाराला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हाही लोखंडानं जमिनीला विष बाधतं अशी समजूत आडवी आली आणि पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. त्या म्हाताऱ्यांना हसायची आपल्याला सवय आहे. मी आता तेवढा हसत नाही. त्यांचं कारण चुकलं होतं, पण यंत्र जमिनीला काहीतरी करतं ही शंका चुकली नव्हती. फक्त त्यांनी ती चुकीच्या ट्रॅक्टरवर घेतली.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. वजन आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या चेनवाल्याचं वजन दहा-बारा टन, पण ते दोन लांबरुंद पट्ट्यांवर पसरलेलं. त्यामुळे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास भार येतो. आजच्या पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचं वजन दोन-सव्वादोन टन, त्यातलं बरंचसं मागच्या दोन चाकांवर. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो, म्हणजे एक किलोच्या घरात. पाचपट हलका ट्रॅक्टर दुप्पट टोचतो. म्हणून तो रुतला आणि पोकलेन रुतलं नाही. शिवाय ओढीचा प्रश्न आहे. चाक नांगर ओढताना थोडं घसरतंच. शंभरात दहा-पंधरा इतकं घसरणं चांगलं मानतात. ओल्या मातीत ते तीस-चाळीसवर जातं आणि तेवढं डिझेल मातीला पॉलिश करण्यात जळतं. चेन शंभरात तीन-पाचच घसरते.

इथे बैलाचा मुद्दा निघतो. सभेत कुणीतरी उठून म्हणतंच की बैलाचे पाय जमिनीला कसे हळुवार. तसं नाही. साडेचारशे किलोचा बैल चार खुरांवर उभा असतो, चालताना दोन-तीन खुरांवर. खुराचा दाब ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा जास्त असतो. विश्वास बसत नसेल तर पांदणीवरून चालून पाहा. ज्या पांदणीवर कधी यंत्र गेलं नाही, फक्त बंड्या आणि ढोरं गेली, ती दगडासारखी असते. पण फरक आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. वरच्या वितभर मातीचं काय होतं हे दाबावर ठरतं. त्याखाली, हातभर खोल काय होतं, हे एकूण ओझ्यावर ठरतं. बैल वर टोचतो, खाली त्याचं ओझं पोचत नाही. वर जे घट्ट होतं ते वखर पुढच्या पाळीत मोकळं करतो. अवजड ट्रॅक्टर खाली पोचतो, मग तो चाकाचा असो की चेनचा. म्हणून चेनवाला म्हणजे जमिनीचा मित्र असं प्रमाणपत्र मी देणार नाही. चेनचा भारही सारखा पसरत नाही. आतल्या रोलरांच्या खाली तो जास्त, मधल्या जागेत कमी. आणि जागेवर वळताना ती धुऱ्यालगतच्या मातीचं जे करते ते पाहवत नाही.

तरीही नांगराच्या ओढीत चेन सरस होती. मग हरली का?

पहिलं कारण असं की ती आपलं काम संपवून बसली. कांस मोडणं हे दरवर्षीचं काम नाही. एकदा मुळं वर आली आणि जमीन वाहितीत राहिली की गवत परत सहसा घुसत नाही. जमीन फोडायला आणलेलं यंत्र दरवर्षीच्या पेरणीला आणि डवरणीला निरुपयोगी. कपाशीच्या दोन ओळींतून बारा टनांचं धूड कोण नेणार?

दुसरं कारण, चाक शहाणं झालं. १९३२ मध्ये अमेरिकेत ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर बसले. त्याआधी चाकंही लोखंडी, खिळ्याखिळ्यांची होती. मग हॅरी फर्ग्युसननं नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढण्याऐवजी तीन सांध्यांवर टांगला. नांगराला माती खाली खेचते, तीच ओढ मागच्या चाकांवर दाब म्हणून येते. म्हणजे ट्रॅक्टर हलका असला तरी काम करताना जड होतो. मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या शेतीयंत्रांमधली ही सर्वांत चलाख युक्ती आहे. तिनं चेनच्या वजनाचं अर्धं भांडवल काढून घेतलं.

तिसरं कारण खर्चाचं. चेनच्या पिना, बुश, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट हे सगळं मातीत आणि मुरुमात घासून झिजतं. दुरुस्तीतला मोठा हिस्सा या पायांनीच खाल्लेला असतो. जुना चेनवाला घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकून भुलतो. जाणता माणूस इंजिनाकडे न बघता वाकून आधी चेन पाहतो.

पण ही तिन्ही कारणं मिळून जेवढी होतात, त्यापेक्षा एक मोठं कारण आहे. चाक जिंकलं ते वावरात नाही, रस्त्यावर. आपल्याकडे ट्रॅक्टर वर्षातले किती दिवस नांगराला असतो ते मोजा, आणि किती दिवस ट्रॉलीला असतो ते मोजा. कापूस जिनिंगला, संत्रा मंडीत, सोयाबीन बाजार समितीत, विटा, रेती, गिट्टी, लग्नाचं वऱ्हाड, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पोरं, निवडणुकीची सभा. ट्रॅक्टर हा आपल्याकडे नांगरणारा ट्रक आहे. हप्ता फिटतो तो नांगरटीच्या भाड्यावर कमी आणि ट्रॉलीच्या भाड्यावर जास्त. चेनवाल्याला स्वतःच्या पायानं डांबरी रस्त्यावर यायचीच सोय नाही. त्याच्या लोखंडी पट्ट्या रस्ता उकरतात. त्याला ट्रकवर बसवून न्यावं लागतं. जे यंत्र बाजाराला जाऊ शकत नाही ते आपल्या घरी नांदत नाही. हिंगण्याच्या महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडणारा ट्रॅक्टर पाहा. त्याचा सगळा बांधा, त्याचा वेग, त्याचे ब्रेक, हे रस्त्याला धरून आहेत. त्यात कंपनीचा दोष नाही. गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते आहे.

मात्र या विजयाची किंमत वावरानं दिली. रस्त्यासाठी घेतलेली ट्रॉली वावरात शिरते. ट्रॉलीच्या टायरमधली हवा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या तिप्पट-चौपट असते, कारण तिला भरल्या ओझ्यानं सडकेवर पळायचं असतं. चार-पाच टन भरलेली ती ट्रॉली ओल्या काळ्या मातीत गेली की वरून टोचते आणि खोलवर दाबते. दोन्ही एकदम. आपल्या शिवारातलं सगळ्यात घातक यंत्र नांगर नव्हे, रोटावेटरही नव्हे, भरलेली ट्रॉली आहे. तिच्याकडे कुणी यंत्र म्हणून पाहतच नाही.

रोटावेटरचंही थोडं बोलतो, नाहीतर तो सुटल्यासारखा होईल. वरची चार-पाच इंच माती तो पिठासारखी करतो, बघायला सुंदर. पण पाती दरवर्षी त्याच खोलीवर घासतात आणि खाली एक गुळगुळीत थर तयार होतो. कपाशीचं किंवा तुरीचं झाड उपटून पाहा. सोटमूळ सरळ खाली जायच्या ऐवजी कोपऱ्यात वळलेलं दिसलं, तर तो थर लागला समजा.

काळी माती यावर काही अंशी स्वतः इलाज करते, हे तिचं मोठेपण. उन्हाळ्यात ती आटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगते आणि फुगता-आटता दबलेले थर फोडते. जुने लोक म्हणायचे की काळी स्वतःला नांगरते, त्यात शास्त्र आहे. पण हा इलाज कोरडवाहूत चालतो. ज्या जमिनीला उन्हाळ्यातही पाणी मिळतं ती भेगाळत नाही, म्हणून मोकळीही होत नाही. काटोल, नरखेड, वरुडचे संत्र्याचे बगीचे असेच आहेत. बागेत ओलीत, त्यात फवारणीचं टँकर घेऊन ट्रॅक्टर त्याच दोन ओळींतून वर्षात कितीदा तरी जातो. खाली माती दबते, पाणी निचरत नाही, मुळं गुदमरतात, आणि मग डिंक्या रोगाला बोलावणं धाडायची गरज राहत नाही. मजा अशी की कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या आणि सफरचंदाच्या बागांमध्ये एकेकाळी छोटे, ठेंगणे चेनवाले खास बागेसाठी चालत. इटलीत डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यांसाठी ते अजून बनतात. आपल्याकडे चेन आली ती फक्त थोरल्या रूपात, युद्धातून आणि तणाच्या लढाईतून. तिचं धाकटं रूप नागपूरच्या संत्र्यापर्यंत पोचलंच नाही. आता बागांसाठी पंधरा-वीस एचपीचे छोटे ट्रॅक्टर आले आहेत. ते वजनानं कमी आहेत, हे मला त्यांच्या किमतीपेक्षा मोठं वाटतं.

मग जुने चेनवाले परत आणायचे का? मला हा प्रश्न दर वेळी विचारला जातो, विशेषतः तरुण इंजिनिअरांकडून, ज्यांना जुनी यंत्रं आवडतात. माझं उत्तर नाही. ज्याच्याकडे चालू स्थितीतला असेल त्यानं तो जपावा, एखाद्या कुंद्यानं खाल्लेल्या तुकड्यावर उन्हाळ्यात चालवावा. पण सुटे भाग शोधत भंगार बाजार पालथा घालून तो रोजच्या शेतीला जुंपणं हा छंद आहे, शेती नव्हे. चेन परत येतच आहे, पण वेगळ्या वाटेनं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांमध्ये रबरी चेनचे हार्वेस्टर फिरतात, कारण कापणीच्या वेळी बांधीत ओल असते आणि चाकाचं यंत्र तिथे बसतं. रबरी चेन सडकेवरही चालते. म्हणजे ज्या सडकेवर चेन हरली, तिथेच तिनं वेश बदलून प्रवेश केला आहे. ऑस्ट्रेलियात आपल्यासारख्याच काळ्या मातीत कपाशी करणारे आणखी पुढे गेले. त्यांनी ठरवलं की सगळी यंत्रं दरवर्षी त्याच ठरलेल्या चाकोऱ्यांतून जातील. त्या चाकोऱ्या कायमच्या दबल्या तरी चालतील, बाकीची जमीन कधीच तुडवायची नाही. पाच एकरांच्या तुकड्यात हे जसंच्या तसं जमणार नाही. पण संत्र्याच्या बागेत चाकोरी तर आपोआप ठरलेलीच आहे. तिथे ट्रॉली दोन ओळींत घालण्यापेक्षा धुऱ्यावर उभी ठेवून माल क्रेटनं वाहणं एवढं तर जमेल.

आणि वाफसा. मराठीत हा एक शब्द आहे, ज्याच्यासाठी मला इतर भाषांत अख्खं वाक्य लागतं. ओल गेलेली नाही, पण चिखल राहिलेला नाही, मूठ आवळली तर गोळा होतो आणि बोटानं ढकलला तर फुटतो, ती वेळ. बैलाच्या शेतीत वाफशाची वाट बघावीच लागे, कारण ओल्यात बैल पाय टाकत नसे. बैलाला नको म्हणता येत असे. ट्रॅक्टरला येत नाही. पन्नास एचपीचा, चारी चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर वाफसा नसतानाही आत जातो, आणि रुतला नाही म्हणजे काही बिघडलं नाही असं मालकाला वाटतं. माझ्या भाच्याचा ट्रॅक्टर रुतला ते एका अर्थी बरं झालं. न रुतता गेला असता तर ओझं खाली पोचलं असतं आणि आम्हाला कळलंही नसतं.

त्या दिवाळीनंतर, कपाशी उभी असताना, मी आणि भाचा एक सळई घेऊन वावरात फिरलो. साधी बांधकामाची सळई, टोक घासलेली. जिथे पोकलेन गेलं होतं तिथे हातानं दाबली. कोपरभर गेली. जिथे फक्त वखर आणि डवरा चालतो त्या ओळींत कोपराच्या वर गेली. ट्रॉली जिथून आत शिरली होती तिथे वितीवर अडली. मी भार टाकला, भाच्यानं टाकला, सळई वाकली. मग तो माझ्याआधी उठला, धुऱ्यापर्यंत गेला आणि ट्रॉली आत येऊ नये म्हणून फाटकाच्या तोंडाशी दोन मोठे दगड ठेवून आला. ते दगड अजून तिथे आहेत. मागच्या महिन्यात मोटारसायकल नेताना मीच एकाला धडकलो.